शाळेची घंटा आणि घरातला पाळणा



नगरच्या माणसाला इतिहास म्हटला की चांदबिबी आठवते, भुईकोट किल्ल्याचा खंदक आठवतो, आणि त्याच किल्ल्यात १९४२ पासून स्थानबद्ध असलेले नेहरू, आझाद आठवतात. हे सारे आठवलेच पाहिजे. पण इतिहास घडतो तो फक्त तटाच्या आत नव्हे. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीही घडत असतो. तिथे त्याला बखरकार मिळत नाही, एवढेच. आज मी ज्या बाईविषयी बोलणार आहे ती आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. सकाळी तिच्या एका काखेत दीड-दोन वर्षांचे मूल असते, दुसऱ्या हाताने ती डबा भरीत असते, पोटात पुढचे पाचव्या-सहाव्या महिन्याचे असते, आणि घंटेच्या आधी तिला मस्टरवर सही करायची असते. ती शिक्षिका आहे, आणि आईही आहे. ही दोन्ही नाती एका देही कशी नांदू लागली, त्यासाठी कोणी काय सोसले, आणि ह्या व्यवहाराचा हिशेब कुठे अपुरा राहिला, हा माझा विषय.

ही गोष्ट आपल्याच गावापासून सुरू होते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे केले. सिंथिया फरार ह्या बाई १८२७ साली मुंबईस उतरल्या आणि १८३९ मध्ये नगरला आल्या. मुलींच्या शाळा चालवणे हे त्यांचे काम. ते त्यांनी १८६२ साली मृत्यू येईपर्यंत केले. जोतीराव फुले तरुणपणी मित्राबरोबर नगरला आले असता त्यांनी ह्या शाळा पाहिल्या आणि त्यावरून आपल्याला मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली, असे त्यांनीच पुढे सांगून ठेवले आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ साली जी ज्योत लागली, तिची वात थोडीबहुत इथे वळली गेली. नगरकरांनी ह्याचा अभिमान बाळगावा. पण अभिमानाबरोबर एक गोष्ट ध्यानात घ्यावी.

फरारबाई अविवाहित होत्या. मिशनऱ्यांच्या बायकाही शिकवीत, परंतु त्यांचे शिकवणे बाळंतपणे, आजार आणि मुलांना शिक्षणासाठी दूर मायदेशी पाठवण्याचे दुःख ह्यांच्या फटीफटींतून चाले. अखंड काम करणारी बाई हवी तर ती एकटी हवी, हा हिशेब मिशनच्या धुरीणांना लवकर कळला असावा. आणि सावित्रीबाई? त्यांना पोटचे मूल झाले नाही. समाजाने त्यावरूनही त्यांच्या घरात बोलायचे ते बोलून घेतले. १८६३ साली त्यांच्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले, तिथे परक्यांची लेकरे जन्मली, आणि त्यांतलाच एक यशवंत त्यांचा दत्तक मुलगा झाला. ही माऊली केवढी मोठी हे सांगायला मी नको. परंतु जेव्हा त्या अंगावर शेण झेलीत शाळेत जात होत्या, त्या पहिल्या वर्षांत त्यांच्या मागे पाळण्यात रडणारे मूल नव्हते, ही वस्तुस्थिती आहे. दरवर्षी ३ जानेवारीस त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या शिक्षिकेच्या मागे बहुधा ते असते.

मग मूल कडेवर घेऊन ह्या क्षेत्रात शिरलेली पहिली मोठी बाई कोण? माझ्या मते पंडिता रमाबाई. त्यांच्या विद्वत्तेची, धर्मांतराची, मुक्तिसदनाची चर्चा आपल्याकडे इतकी झाली की त्या एका लहान मुलीच्या आई होत्या हे आपण जवळजवळ विसरूनच गेलो. मनोरमेचा जन्म १६ एप्रिल १८८१ चा. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी तिचे वडील बिपिनबिहारी मेधावी वारले, तेव्हा पोर पुरती दहा महिन्यांचीही नव्हती. त्या मुलीला घेऊन रमाबाई त्याच वर्षी पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला. आणि सप्टेंबरात हंटरसाहेबांच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रीशिक्षिका तयार झाल्या पाहिजेत, त्यांना पुरुष शिक्षकांपेक्षा अधिक पगार दिला पाहिजे, मुलींच्या शाळा तपासायला स्त्रिया नेमल्या पाहिजेत, असे त्यांनी ठणकावून सांगितले. पुरुषांपेक्षा अधिक! सभागृहातल्या काही गृहस्थांच्या भुवया आजही वर गेलेल्या मला दिसत आहेत. साक्ष देणाऱ्या ह्या विधवेचे मूल तेव्हा सव्वा वर्षाच्या वर नुकतेच गेलेले होते. म्हणजे जे वय घरातल्या सगळ्यांना पळवते त्या वयाचे.

पुढच्याच वर्षी रमाबाई मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सिस्टरांच्या मठात राहिल्या, आणि मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू लागल्या व त्याच वेळी संस्कृत शिकवूही लागल्या. आता प्रश्न आला मुलीचा. ती वाँटेजला सिस्टरांपाशी राहिली. सोय उत्तम झाली. पण सोय कधी फुकट मिळते काय? मनोरमेला कोणत्या प्रार्थना शिकवाव्यात, कोणत्या पंथाच्या वळणाने वाढवावे, ह्यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन ह्यांच्यात पत्रांमागून पत्रे झाली. ती पत्रे आज छापील स्वरूपात वाचायला मिळतात. त्यांत धर्मशास्त्राचा वाद पुष्कळ आहे, आणि तो अभ्यासकांनी पुष्कळ चघळलाही आहे. मला मात्र त्याच्या तळाशी अगदी घरगुती गोष्ट दिसते. जो मूल सांभाळतो तो मुलाच्या आयुष्यात हक्काने बोलू लागतो. आणि जिला काम सोडायचे नाही तिला ते बोलणे ऐकून घ्यावे लागते, किंवा भांडावे लागते. रमाबाई भांडल्या. आपल्या इथल्या किती शिक्षिका सासूबाईंशी, नणंदेशी, शेजारणीशी हाच वाद अधिक सौम्य शब्दांत आणि पत्राविना घालीत आल्या असतील! दूध कोणते पाजायचे, तीट लावायची की नाही, मुलाने घरात कोणती भाषा बोलायची, हे ज्याच्या मांडीवर मूल तो ठरवतो.

पुढे ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले, आणि हीच मनोरमा मोठी होऊन त्या कामात आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. १९२१ साली ती गेली. आई १९२२ मध्ये.

आता हंटर आयोगाकडे पुन्हा वळतो, कारण त्याच्या शिफारशींत आपल्या विषयाची किल्ली आहे. शिक्षिका आणायच्या कोठून, हा आयोगापुढचा खरा पेच. पुण्याला १८७० साली स्त्रियांसाठी अध्यापनशाळा निघाली होती, पण कुलीन घरातली कुमारिका तिथे येणार कशी? ती बाराव्या वर्षाच्या आत बोहल्यावर चढलेली असायची. तेव्हा आयोगाने असे सुचवले की शाळामास्तरांच्या बायकांना शिक्षिका होण्यास भरघोस उत्तेजन द्यावे, आणि योग्य असेल तिथे विधवांना ह्या पेशासाठी तयार करावे. युक्ती व्यवहारी होती. मास्तर ज्या गावी, त्याची बायको त्याच गावी. बाईमाणसाच्या एकटे राहण्याचा बोभाटा नाही. एका बिऱ्हाडात दोन शिक्षक.

परंतु मास्तरांची तरुण बायको म्हणजे कोण? वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने बाळंत होणारी बाई. आयोगाच्या त्या ओळीत पाळण्याचा शब्द नाही. विधवांचे कलम मात्र पुढे पुष्कळ फळले. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला, आणि तिथून शिकलेल्या बायका शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. त्यांत पार्वतीबाई आठवल्यांसारख्या लहान मुलगा पदरी असताना विधवा झालेल्याही होत्या. बहिणीच्या, म्हणजे बाया कर्व्यांच्या, घराचा आधार होता म्हणून त्यांचे शिकणे आणि शिकवणे झाले. आपल्या समाजाने शिक्षिकेची जी पहिली प्रतिमा मनात घट्ट केली ती अशी: पांढरे लुगडे, मागे कोणी नाही, शाळा हाच संसार. त्या बायकांनी आपले आयुष्य दिले म्हणून मुली शिकल्या. पण शाळेचे घड्याळही त्यांच्याच मापाने लावले गेले, आणि ज्यांच्या घरी पाळणा हलत होता अशा बायका पुढे आल्या तेव्हा ते घड्याळ कोणी बदलले नाही.

इथे क्षणभर परदेशाकडे पाहू. आपण समजतो की विलायतेत बायकांना सारे मोकळे होते. तसे नव्हते. इंग्लंडात ठिकठिकाणच्या शिक्षण समित्या लग्न झालेल्या शिक्षिकेला कामावरून कमी करीत. ही बंदी सबंध देशातून उठली ती १९४४ च्या शिक्षण कायद्याने. आयर्लंडात प्राथमिक शाळांतील शिक्षिकांवर १९३४ मध्ये अशी बंदी आली ती १९५८ पर्यंत टिकली. तिथे तत्त्व स्पष्ट होते: लग्न कर आणि घरी जा. आपल्याकडे सरकार मास्तरांच्या बायकांनाच शाळेत बोलावीत होते. आपले धोरण अधिक उदार होते ह्यात शंका नाही. मात्र तिकडे दाराशी अडवीत, आणि इकडे दार उघडून आतली सारी अडचण तिची तिच्यावर सोडून देत.

तिने ती सोडवली कशी? पहिली सोडवणूक माहेरची. सातवा महिना लागला की मुलगी माहेरी जायची. सव्वा महिन्याचे बाळंतपण, शेक, धुरी, डिंकाचे नि अळिवाचे लाडू. आजीच्या हाती बाळ. कायद्याने जी विश्रांती पुढे दिली ती रूढीने आधीच दिलेली होती असे कोणी म्हणेल. पण रूढीचे हे औदार्य पहिल्या खेपेपुरते असे. दुसऱ्या खेपेला पहिले मूल पदराशी आलेले असते, माहेरी भावजय आलेली असते, आणि नोकरी करणाऱ्या बाईचा सव्वा महिन्याचा पगार कोण देणार हा प्रश्न माहेरच्या अंगणात सुटत नाही.

तो कायद्याने सोडवायचा होता, आणि कायद्याची पावले गिरणीकडे आधी वळली. आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १९१९ साली बाळंतपणाच्या आधी नि नंतर सहा-सहा आठवड्यांच्या रजेचा ठराव केला. उद्योगधंद्यांतील आणि व्यापारी पेढ्यांतील स्त्रियांसाठी. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये कामगार स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी जुलै महिन्यात त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार एकट्या तिच्या कुटुंबावर पडू नये, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. १९२९ साली कायदा झाला, हिंदुस्थानातला ह्या प्रकारचा तो पहिला. गिरणीतल्या मराठी बाईला जे मिळाले ते तिच्या मुलाला शिकवणाऱ्या बाईला त्या कायद्याने मिळाले नाही. १९६१ चा देशव्यापी प्रसूतिलाभ कायदाही प्रथम कारखाने, खाणी आणि मळे ह्यांच्यापुरताच होता. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला रजा मिळू लागली ती सेवानियमांतून. खाजगी शाळांतल्या शिक्षिकेचे नियम १९८१ मध्ये लेखी स्वरूपात आले. तीन महिन्यांची रजा पुढे १८० दिवसांची झाली, आणि २०१८ मध्ये राज्यशासनाने आणखी १८० दिवसांची बालसंगोपन रजाही मंजूर केली. हे लहान काम नव्हे. ह्या एकेका दिवसामागे शिक्षक संघटनांचे कितीतरी अर्ज, मोर्चे आणि खेटे आहेत.

पण रजा संपते आणि मूल असतेच.

ह्यापुढचा भाग आपल्या जिल्ह्याला विशेष लागू आहे. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा; चौदा तालुके; अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एस. टी. धावली ती पुणे आणि नगर ह्यांच्या दरम्यान, हे आपण कौतुकाने सांगतो. त्या लाल गाडीने शिक्षिकेचे आयुष्य जितके बदलले तितके फार थोड्या गोष्टींनी बदलले असेल. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, वाडीवस्तीवर शाळा झाल्या, मुली डी. एड. होऊन नेमणुका घेऊ लागल्या. नेमणूक एका टोकाला, नवऱ्याची नोकरी दुसऱ्या टोकाला, सासर तिसरीकडे. मुलाला तालुक्याच्या गावी ठेवून पहाटेची गाडी धरायची, की मूल घेऊन वस्तीवर एका खोलीत राहायचे? पहिल्यात दूध आटते, दुसऱ्यात माणूस आटते. गर्भार बाईने फाट्यावर उतरून उन्हातून दोन-तीन किलोमीटर चालत शाळा गाठायची, हे इथे नवल नव्हे. पती-पत्नींना जवळ आणण्याचे कलम बदलीच्या नियमांत आले, २०१७ च्या धोरणाने त्याला वेगळा संवर्गही दिला. पण त्यावरून इतर शिक्षकांच्या मनात जी कुरकुर चालते ती शिक्षकांच्या खोलीत बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. कुरकुरणाऱ्यांचेही काही चूक नाही. दोन शिक्षकांची शाळा असली आणि एक बाई बाळंतपणाला गेली, की उरलेल्या शिक्षकापुढे चार वर्ग, पोषण आहाराची नोंद आणि कार्यालयाचे कागद असे सगळे एकदम उभे राहते. जिच्या जागी कोणी येत नाही तिची रजा सहकाऱ्याच्या पाठीवर लादली जाते, आणि मग ती रजा घेणारी बाई आपण काही अपराध करीत आहोत अशा चेहऱ्याने वावरते. अपराध तिचा नाही, सहकाऱ्याचाही नाही. बदली माणूस न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

आणि मूल घरी कोणापाशी? सासू असली तर सासूपाशी. नसली तर गावातली एखादी दहा-बारा वर्षांची पोर दिवसभर त्याला खेळवायला ठेवली जाई. श्रोतेहो, इथे थोडे थांबा. मुलींना शाळेत आणण्यासाठी जी बाई नेमलेली, तिचे मूल सांभाळण्यासाठी एक मुलगी शाळेबाहेर राहते! ह्यात त्या बाईला दोष देण्याचे माझ्या मनात नाही. पण ह्या विषयातले सर्वांत कडू सत्य हेच आहे, आणि कायद्यांच्या व रजांच्या हिशेबात ते कुठेच धरलेले नाही. शिक्षिकेच्या पगाराखाली त्या पोरीचे हुकलेले वर्ष दडलेले असते.

हे सत्य ज्या बाईंनी डोळे उघडून पाहिले त्या ताराबाई मोडक. संसार मोडल्यावर लहान मुलगी पदरी घेऊन त्यांनी राजकोटला अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले, पुढे भावनगरला गिजुभाईंबरोबर बालशिक्षणात उतरल्या. नोकरी आणि मूल ह्यांची ओढाताण त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांतली मोठी मुले शाळेत का येत नाहीत ह्याचा शोध घेताना त्यांना आढळले की त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे आहेत. तेव्हा त्यांनी अंगणातच बालवाडी भरवली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ केला. त्यापुढे जाऊन ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एका आवारात आणली. ताईने भाऊ घेऊन यावे. भाऊ पाळण्यात, ताई वर्गात. इतके साधे! शासनाने १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी देशभर नेली. पण त्या त्रिकुटातले पाळणाघर मागेच राहिले.

परिणाम असा की शिक्षिकेची रजा मूल सहा महिन्यांचे झाले की संपते, आणि अंगणवाडीची बैठक मूल तीन वर्षांचे झाल्यावर सुरू होते. मधली अडीच वर्षे. म्हणजे रांगण्यापासून बोलण्यापर्यंतचा सारा काळ. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिलाभ २६ आठवड्यांचा केला आणि जिथे पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर ठेवावे असा दंडक घातला. तो दंडक करताना डोळ्यांपुढे कचेऱ्या आणि कारखाने होते. जिल्हा परिषद एक, तिचे शिक्षक हजारो. पण वस्तीवरच्या शाळेत पाहावे तर खोल्या दोन आणि शिक्षक दोन. पन्नास माणसे तिथे फक्त स्नेहसंमेलनाला जमतात.

पुष्कळ शाळांच्या आवारातच अंगणवाडीची खोली असते. दोन्ही इमारतींमध्ये वीस-पंचवीस पावलांचे अंगण. केंद्राने २०२२ पासून अंगणवाडीला जोडून ‘पाळणा’ नावाची योजना सुरू केली आहे, सहा महिन्यांच्या मुलापासून. ती आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या आवारात आणायची झाली तर एक जादा बाई, एक सावलीची खोली, चार झोळ्या आणि दुधाची सोय, एवढाच खर्च आहे. तिथे शिक्षिकेचे मूल राहील, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे राहील, आणि त्याला सांभाळण्यासाठी घरी बसलेली दहा वर्षांची मुलगी पंचवीस पावले चालून चौथीच्या वर्गात जाऊन बसेल. मधल्या सुट्टीत शिक्षिकेला मुलाला अंगावर पाजून परत यायला पंधरा मिनिटे पुरतात.